इतिवृत्तात चहा लिहीत नाहीत

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मध्ययुगीन युरोपचा पेपर शिकवताना मी दरवर्षी एका फ्रेंच माणसावर दोन तास घालवायचे. पुस्तकात त्याला जेमतेम दीड ओळ होती. पण मला तो आवडायचा, आणि मास्तरांना जे आवडतं ते परीक्षेत येवो न येवो, पोरांना ऐकावंच लागतं. हा माणूस पाचशे वर्षांपूर्वीचा वकील. कोर्टातला नव्हे; पेशवाईत ज्याला वकील म्हणत तसला, या दरबारातून त्या दरबारात बोलणी करायला जाणारा. पुढे त्याने जे पाहिलं ते लिहूनही ठेवलं.

तरुणपणी तो एका बड्या ड्यूकच्या पदरी होता. ड्यूक नावाला फ्रान्सच्या राजाचा मांडलिक, पण राजाला न जुमानणारा. एकदा राजा मोजकी माणसं घेऊन बोलणी करायला त्याच्या किल्ल्यात आला आणि नेमकी तेव्हाच बातमी थडकली, की राजाच्याच माणसांच्या चिथावणीने ड्यूकच्या ताब्यातल्या एका शहरात बंड पेटलंय. ड्यूकने दरवाजे लावून घेतले. राजा आत अडकला. ड्यूक रागाने खोलीत येरझाऱ्या घालत होता, आणि आमचा वकील त्याच्याबरोबर चालत त्याला शांत करत होता. इकडे आतल्याच कुणीतरी राजाला निरोप पोचवला, की अटी मान्य करा, नाहीतर जिवाशी गाठ आहे. तो कुणी, हे पोरं लगेच ओळखायची. काही वर्षांनी हा गडी ड्यूकला सोडून त्याच राजाकडे गेला, जहागिरी मिळवली, राजा मेल्यावर नव्या लोकांनी लोखंडी पिंजऱ्यात कोंडलं तेही भोगलं, आणि म्हातारपणी लिहायला बसला.

गोष्ट संपली की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "मॅडम, म्हणजे हा गद्दारच की." मी सांगायचे, परीक्षेत असं लिहू नका. पण मनातून मलाही तसंच वाटायचं. इतरांच्या लढायांना त्याने पानंच्या पानं दिली आणि स्वतः धनी बदलला त्याला एकच ओळ, तीही कारण न देता. मी वर्गात त्याची टिंगल करायचे. बघा, म्हणायचे, बाकी सगळं आठवतंय गृहस्थाला.

सत्तेविषयीची त्याची दोन निरीक्षणं मी फळ्यावर लिहायचे. एक, कुठलीही सत्ता मोकळी सुटू नये म्हणून देवाने प्रत्येकीच्या वाटेत एक काटा ठेवलेला असतो. दुसरं जास्त चमत्कारिक. धन्याची माया ज्याने त्याच्यावर उपकार केले त्याच्यावर नसते, ज्याच्यावर त्याने उपकार केले त्याच्यावर असते. म्हणून धन्याची फार मोठी सेवा करणं धोक्याचं. पोरं ते उतरवून घ्यायची. मला वाटायचं, मला ते कळलंय.

आमच्या कॉलेजची संस्था आबा चालवायचे. आबा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, माळशिरसकडचे बागायतदार, अंगाने दणकट, आवाज मात्र मऊ. मी तासिका तत्त्वावर शिकवत होते, वडील आजारी होते, तेव्हा आबांनी मला कायम करून घेतलं. मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "अक्षर कसं हाय?" अक्षर चांगलं होतं. त्या दिवसापासून संस्थेच्या कार्यकारिणीचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं. इतिवृत्त हा शब्दही गमतीचा आहे. त्या फ्रेंचाने लिहिलं तेही इतिवृत्त, आणि सोमवारच्या सभेत कोण हजर होतं ते मी लिहायचे तेही इतिवृत्तच.

आमच्याकडे इतिवृत्त सभेच्या आदल्या दिवशी लिहायची पद्धत होती. हसू नका, अशा पुष्कळ संस्था आहेत. आबा विषय सांगायचे, मी ठराव लिहायचे, खाली सूचक, अनुमोदक आणि शेवटी ठरलेला शब्द, 'सर्वानुमते मंजूर'. दुसऱ्या दिवशी सभा व्हायची, चहा यायचा आणि सगळे सह्या करायचे. हा शब्द मी इतक्या वेळा लिहिला होता की हात आपोआप चालायचा.

त्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक मंत्री संस्थेत येणार होते. आबांनी मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना निरोप धाडला, की मुली नऊवारी नेसवून, हातात आरतीचं ताट देऊन दुपारी दोनपासून फाटकापाशी दोन रांगांत उभ्या करा. सोलापूरचा एप्रिल, दुपारी दोन. आदल्या वर्षी अशाच स्वागतात मंगळवेढ्याची एक मुलगी चक्कर येऊन ताटासकट पडली होती आणि तिच्या कपाळाला टाके पडले होते. रेक्टरबाईंनी उलट चिठ्ठी पाठवली, मुली उन्हात उभ्या राहणार नाहीत, मंत्रीमहोदयांना सभागृहात ओवाळतील. चिठ्ठी सभ्य होती. पण ती लेखी होती, आणि लेखी नकार आबांना कधी कुणी दिला नव्हता.

मंत्री आले, गेले. चार दिवसांनी आबांनी मला बोलावून ठराव सांगितला. रेक्टरबाईंना सेवेतून कमी करणे.

रेक्टरबाई कुर्डुवाडीच्या. वडील रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. बाईंचं सगळं घड्याळावर. वसतिगृहाची घंटा एक मिनिट इकडेतिकडे झालेली मी पाहिली नाही. नवरा नव्हता, मुलगा शिकत होता, राहायची जागाही वसतिगृहातलीच. नोकरी गेली तर घरही जाणार होतं. आणि मुख्य म्हणजे, काही वर्षांपूर्वी आबांविरुद्ध तक्रार होऊन चौकशी लागली होती, तेव्हा सगळे गप्प बसले असताना याच बाई पुढे झाल्या आणि त्यांनी आबांच्या बाजूने साक्ष दिली. खरी साक्ष होती ती. त्या साक्षीवर आबांची खुर्ची वाचली. म्हणून मी धीर करून म्हणाले, आबा, त्या वेळी बाई नसत्या तर.

आबा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "त्येच तर. तवापास्नं ती माझ्याकडं अशी बघती, जणू मी तिचा देणेकरी हाय."

बाई कुणाकडे तसं बघत नव्हत्या. त्या चष्म्यावरून सगळ्यांकडेच तशा बघायच्या. पण फळ्यावर वीस वर्षं लिहिलेलं वाक्य माझ्यासमोर खुर्चीत बसलं होतं. आणि त्या वाक्याची दुसरी बाजू मीच होते. आबांची माया माझ्यावर होती, कारण मी त्यांची ऋणी होते. पुढच्या वर्षी प्राचार्यांची जागा रिकामी होणार होती, आणि ती मला द्यायची असं ते दोनदा बोलले होते.

संस्थेच्या घटनेत एक कलम होतं. कर्मचाऱ्याला चौकशीशिवाय कमी करायचं तर ठराव सर्वानुमतेच हवा. कार्यकारिणीतल्या एकाने जरी विरोध केला तरी आधी चौकशी समिती नेमावी लागे, आणि त्या समितीवर बाहेरची माणसं असत. चौकशी झाली असती तर टाके पडलेल्या मुलीचाही विषय निघाला असता. आबांना चौकशी नको होती. मी लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर'. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

सभेला सातजण होते. त्यात मामा होते. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, त्यांचा यंत्रमागांचा छोटा कारखाना, घरात तेलुगू. वसतिगृहाची जागा त्यांनी बायकोच्या नावाने दिली होती, म्हणून त्यांना कार्यकारिणीत कायमची खुर्ची होती. मामा मराठी छान बोलत, पण वाचायला वेळ लागे. म्हणून सहीच्या वेळी मी त्यांच्याजवळ जाऊन ठराव हळू आवाजात वाचून दाखवायचे, मग ते तेलुगूत सही करायचे. लांबलचक, वेलीसारखी सही.

आबांनी रेक्टरबाईंचा विषय अगदी शेवटी, घाईघाईत घेतला. शिस्तभंग, संस्थेची बदनामी, वगैरे. मग विचारलं, कुणाची हरकत न्हाय न्हवं? पंखा फिरत होता. एकजण मोबाइल बघत होता, दुसरा छताकडे. त्याच वेळी शिपाई चहाचा ट्रे घेऊन आत आला आणि मामांपाशी थांबला.

मामा म्हणाले, "वद्दु."

त्यांनी ट्रेकडे पाहिलंही नव्हतं. ते आबांकडे बघत होते. सोलापुरात वाढलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. वद्दु म्हणजे नको. माणूस बोलेल कुठल्याही भाषेत, पण नाही म्हणायची वेळ आली की घरचाच शब्द तोंडात येतो. मामा पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने, "वद्दु."

आबा हसले. "मामांस्नी चहा नको. आरं, त्यांच्या म्होरनं ट्रे हलीव की." सगळे हसले. सुटका झाल्यासारखे हसले. शिपाई पुढे सरकला, आबा उठले, आणि सभा संपली.

मला अजून तो क्षण लख्ख दिसतो. त्या खोलीत एकालाही चहाचा गैरसमज झाला नव्हता. सातच्या सात जणांना कळलं होतं. सत्ता म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी आता ड्यूक आणि राजा सांगत नाही. नीट ऐकू आलेलं सगळ्यांच्या देखत चुकीचं ऐकायचं, आणि बाकीच्यांनी त्यावर हसायचं, एवढंच ते असतं.

मी रजिस्टर घेऊन आबांच्या मागे दारापर्यंत गेले. म्हणाले, मामांनी विरोध केलाय, ते नोंदवायला हवं. आबांनी माझ्याकडे अगदी प्रेमाने पाहिलं. "बाई, त्यांनी चहा नको म्हणलं. इतिवृत्तात चहा लिवत न्हाईत." मग माझ्या हातातल्या रजिस्टरवर बोट टेकवून म्हणाले, "सह्या घ्या आन प्रत उद्या हाफिसात द्या. प्राचार्य व्हायचंय न्हवं?"

मी परत आत आले. सह्या घेत घेत मामांपाशी पोचले. त्यांनी पेन हातात घेतलं आणि विचारलं, "बाई, मी बोल्लो ते लिवलंय की?"

मी म्हणाले, "हो, मामा."

आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. इथे सही करा. त्यांनी क्षणभर माझ्या बोटाकडे पाहिलं, मग वाकून सही केली आणि टोपी सारखी करून निघून गेले. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले असेन. पण त्या 'हो'ची आजही चीड येते. कुणी मारलं नव्हतं, धमकावलंही नव्हतं. नुसतं एका खुर्चीचं नाव काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात झेरॉक्स काढायला मी रजिस्टर उघडलं. प्रतीवर 'खरी प्रत' असा शेरा मारून सही करायचं काम माझंच होतं. सह्या वरून खाली बघत गेले आणि मामांच्या सहीपाशी थांबले. सही आखूड होती. वेल नव्हती. दोनच अक्षरं, सुटी सुटी, शाळेतल्या पोराने गिरवावीत तशी.

माझं लहानपण पूर्व भागात गेलं. वडील तिथल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. शेजारच्या अक्कांनी मला भिंतीवरच्या तेलुगू कॅलेंडरवर बोट फिरवून अक्षरं शिकवली होती. आता दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरतीच राहिली आहेत. पण ही दोन अक्षरं वाचायला तेवढी पुरेशी होती.

व. द्दु.

मामांनी सही केलीच नव्हती. सहीच्या जागी त्यांनी आपलं म्हणणं स्वतःच लिहिलं होतं. म्हणजे मी 'हो' म्हणाले तेव्हाच त्यांना कळलं होतं. मी तिथेच खुर्चीत बसले. हेडक्लार्क विचारत होते, मॅडम, बीपी वाढलं का?

आता काय करायचं, हे मला दोन मिनिटांत ठरवायचं होतं. आबांना सांगितलं असतं तर पान बदललं असतं, मामांना घरी जाऊन गाठलं असतं, कसंही करून वेलीची सही आणली असती. नाही सांगितलं आणि नुसती प्रत दिली, तरी कुणाच्या काही लक्षात येणार नव्हतं. तेलुगू अक्षरं म्हणजे मामांची सही, एवढंच सगळे बघायचे. रेक्टरबाईंना आज दुपारी आदेश मिळणार होता. आदेशाबरोबर ठरावाची प्रत. मला त्या किल्ल्यातला फ्रेंच माणूस आठवला. धन्याबरोबर येरझाऱ्या घालणारा, त्याला हो हो म्हणणारा, आणि त्याच वेळी निरोप धाडणारा. दरवर्षी मी पोरांना विचारायचे, तुम्ही त्याच्या जागी असता तर? फार सोपा प्रश्न आहे तो, वर्गात.

मी झेरॉक्स काढली. 'खरी प्रत' लिहून सही केली. मग पेन्सिल घेतली आणि प्रतीवर मामांच्या दोन अक्षरांशेजारी बारीकशी टिक केली. एवढंच. त्यापलीकडे जायची माझी हिंमत नव्हती.

दुपारी आदेश द्यायला मीच गेले. रेक्टरबाईंनी प्रत घेऊन आधी टिक पाहिली, मग चष्म्यावरून मला पाहिलं. पुढचं मला नंतर कळलं. त्या सरळ वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि स्वयंपाक करणाऱ्या तेलुगू मावशींपुढे तो कागद धरला. मावशी चपातीचं पीठ मळत होत्या. त्यांनी हात न धुता वाकून वाचलं आणि विचारलं, "काय नको म्हणालेत हे?"

संध्याकाळच्या आत बाईंचा अर्ज आला, की मूळ इतिवृत्तातच एका सदस्याने लेखी विरोध नोंदवला आहे, सबब कलमाप्रमाणे चौकशी समिती नेमावी. अर्जाच्या प्रती योग्य त्या सगळ्या ठिकाणी गेल्या होत्या. फिटरची मुलगी, एकही नट ढिला ठेवला नव्हता.

आबांनी मला बोलावलं. टेबलावर रजिस्टर उघडं होतं. त्यांनी विचारलं, "तुमचं बालपण कुठं गेलं म्हणालात?"

"पूर्व भागात."

"मग तुमाला हे वाचता येत हुतं."

इथे मी काहीतरी बाणेदार बोलले असं सांगायला मला फार आवडलं असतं. किती तरी उत्तरं मी नंतर आंघोळ करताना तयार केली आहेत. प्रत्यक्षात मी म्हणाले, चष्मा घरी राहिला होता. आबांनी माझ्या नाकावरच्या चष्म्याकडे बराच वेळ पाहिलं. ओरडले नाहीत. रजिस्टर मिटून माझ्याकडून काढून घेतलं आणि म्हणाले, "तुमाला मी लावलं हुतं. जावा."

चौकशी मात्र आबांनी होऊच दिली नाही. टाक्यांचा विषय निघण्यापेक्षा त्यांनी ठराव मागे घेतला. रेक्टरबाई निवृत्तीपर्यंत राहिल्या, मुली पुन्हा उन्हात उभ्या राहिल्या नाहीत. प्राचार्यांची खुर्ची दुसऱ्याला मिळाली. त्याचं इतिवृत्त मी लिहिलं नाही. वर्गात मी त्या फ्रेंचाची टिंगल करणं सोडून दिलं. त्याने स्वतःबद्दल एकच ओळ का लिहिली ते मला कळलं होतं. त्याहून जास्त लिहायला गेलं की टिक किती बारीक होती तेही लिहावं लागतं.

मामांकडे जायला मला दोन महिने लागले. कन्ना चौकाच्या पुढे एका बोळात त्यांचं घर, खाली माग, वर राहणं. खालची खटखट जिन्यातून वर येत होती. मी माफी मागितली. तुम्ही मला विचारलंत आणि मी खोटं बोलले, म्हणाले. तुम्हाला तेव्हाच कसं कळलं?

मामांना माझा राग आला असता तर बरं झालं असतं. ते समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "एवढी वर्सं तुमी मला वाचून दाखिवलं, बाई. त्या दिवशी नुस्तं बोट ठिवलं."

तेवढ्यात सून ट्रे घेऊन आली. मामांनी कप उचलून माझ्यापुढे केला. मला चहा नको होता. पण त्या घरात नको म्हणायचं मला धाडस झालं नाही. मी कप घेतला आणि सगळा चहा संपवला.